बंदर आधी माजघरात

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या वाणगावच्या स्टेशनावर संध्याकाळी उभे राहावे. मोठा मौजेचा देखावा असतो. 2013 साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि मुंबईचा बाजार आमच्या दाराशी आला. गाडी थांबते, डब्यातून आधी पिशव्या उतरतात, मग खोकी उतरतात आणि सर्वांत शेवटी माणूस उतरतो. माणूस उतरल्यावर पिशव्या मोजतो. बरोबर आणलेले मूल मोजण्याचे त्याला नंतर सुचते. ज्यांना मुंबईला जाणे जमत नाही, त्यांच्यासाठी पाठीवर भली थोरली थैली घेतलेला तरुण मोटारसायकलवरून घरोघर हिंडत असतो. पूर्वी दिवाळीला पोस्टमन पोस्त मागायला येई. आता हा तरुण वर्षभर येतो आणि पोस्त न मागताच आपला खिसा हलका करून जातो.

या देखाव्याला हसण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. वाढवण बंदराच्या विरोधातल्या एका मोर्चाहून मी घरी परतलो, त्या दिवसाची गोष्ट. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा देऊन घसा बसला होता. उन्हाने डोके तापले होते. पण अंतःकरणात कर्तव्य केल्याचे समाधान होते. ओटीवर पाऊल टाकतो तो समोर खोके! मीच मागवलेले, मागवल्याचे विसरूनही गेलो होतो. खोके फोडले. आत कागदाचा चोळामोळा, त्याच्या आत हवेने फुगवलेल्या प्लास्टिकच्या उशा, त्यांच्या आत आणखी एक डबा आणि त्या डब्यात टेबलावरच्या पेना, चष्मा, घड्याळ नि किल्ल्या ठेवण्याची एक प्लास्टिकची फडताळी. वस्तू ठेवण्यासाठी आणलेली वस्तू! तिच्या बुडाशी परदेशाचे नाव कोरले होते. ती समुद्रावरून, कोणत्या तरी बंदरातून, कोणत्या तरी पेटाऱ्यात बसून आली होती. ज्या तोंडाने मी दुपारी बंदराला नको म्हटले, त्याच हाताने आठ दिवसांपूर्वी मी बंदराला आमंत्रण धाडले होते.

तेव्हापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. बंदर वाढवणला बांधले जाण्याच्या फार आधी ते आपल्या माजघरात बांधले गेले आहे.

डहाणूची कहाणी बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि इथल्या कारखान्यांना मर्यादा घातली. तरीही 500 मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र खाडीकाठी उभे राहिलेच. त्याची राख आमची आणि वीज प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांची! पुढे 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तालुक्यासाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. गांधीविचारात वाढलेल्या या न्यायाधीशांच्या प्राधिकरणाने 1998 साली वाढवण बंदराला स्वच्छ नकार दिला. 2019 च्या जानेवारीत धर्माधिकारी गेले. 2023 साली त्याच प्राधिकरणाने संमती दिली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ऑगस्टअखेर पालघरला भूमिपूजनही झाले. योजनेप्रमाणे समुद्रात 1,448 हेक्टरांची भर घालायची आहे आणि वर्षाला दोन कोटी बत्तीस लाख पेटाऱ्यांची उलाढाल होईल असे बंदर करायचे आहे. हिशेबासाठी वीस फुटी पेटारा हे माप धरतात.

दोन कोटी बत्तीस लाख पेटारे! काय भरायचे आहे एवढ्या पेटाऱ्यांत?

हा पेटारा दिसतो साधा, पण त्याने जग उलटेपालटे केले. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेतल्या नेवार्कहून ‘आयडियल एक्स’ नावाचे जहाज 58 पेटारे घेऊन निघाले. तोवर जहाजात माल चढवायचा म्हणजे गोणी, पिंप, खोके अशी एकेक डाग हमालाच्या पाठीवरून जात असे. एक टन माल चढवायला पाच डॉलर 86 सेंट लागत. पेटाऱ्यात तोच माल सोळा सेंटांत चढला. येथेच अंतर मेले. हजारो कोसांवरची बादली शेजारच्या गावातल्या बादलीइतकी स्वस्त झाली आणि मग तिच्याहूनही स्वस्त झाली. वस्तू स्वस्त झाली म्हणजे माणूस पैसे वाचवील, असे अर्थशास्त्र न शिकलेल्या भाबड्याला वाटेल. प्रत्यक्षात माणसाने पैसे वाचवले नाहीत. एका बादलीच्या ऐवजी चार आणल्या.

बंदरातून येईल ते सारे आपल्याच घरात येईल, असा माझा दावा नाही. त्यातून यंत्रे येतील, कारखान्यांचा कच्चा माल येईल, आपला माल परदेशी जाईल. पण एवढे खरे, की पेटारा रिकामा करायला शेवटी कोणाचे तरी घर लागते. सरकारने बंदर लादले, धनिकांना ते हवे, हे सगळे बोलून झाल्यावर उरलेला एक प्रश्न आरशासमोर उभे राहून विचारावा लागतो.

गेल्या वर्षी मी सातवीच्या वर्गाला एक अभ्यास दिला. रविवारी आपल्या घरातल्या वस्तू मोजून आणा, सुईपासून कपाटापर्यंत. सोमवारी वह्या आल्या. स्टेशनाजवळच्या नव्या इमारतीत राहणाऱ्या एका मुलीने आठशे बारापर्यंत मोजून खाली लिहिले होते : ‘माळ्यावरच्या राहिल्या. आई म्हणाली, तिथे चढू नको, अंगावर पडेल.’ पाड्यावरून येणाऱ्या एका वारली मुलाची यादी त्रेचाळिसांवर संपली होती. तिच्यात कोंबड्यांचे डालगे होते, विळा होता आणि ‘मोबाईल एक, बंद’ असे होते. त्या त्रेचाळिसांचे कौतुक करणे हा शुद्ध निर्लज्जपणा ठरेल. त्या मुलाला धड दप्तर हवे, पावसात अंग झाकेल असे काही हवे, रात्री अभ्यासाला उजेड हवा. त्याने कमी वापरावे असे सांगण्याचा अधिकार या भूतलावर कोणालाही नाही. माझा वाद आठशे बारांशी आहे. आणि माझ्याशी आहे. कारण त्या रात्री मी माझ्या घरातल्या वस्तू मोजायला बसलो, तेव्हा छत्र्या चार निघाल्या, त्यांतली एक उघडत होती. पेना एकतीस निघाल्या. एवढ्या पेनांनी एखादी तरी चांगली कादंबरी लिहून व्हायला हवी होती!

आता या वस्तू जातात कोठे ते पाहू. ‘फेकून दिली’ असे आपण म्हणतो. पण ‘फेकून’ नावाचे गाव कोणत्याही नकाशावर नाही. 1950 साली साऱ्या जगात सुमारे वीस लाख टन प्लास्टिक तयार होई. 2019 साली ते 46 कोटी टनांवर गेले. त्या वर्षीच्या कचऱ्यातले जेमतेम नऊ टक्के पुन्हा वापरात आले. बाकीचे जळले, पुरले गेले किंवा नदीनाल्यांनी वाहून गेले. मुंबईतल्या देवनारला 1927 पासून कचरा टाकला जात आहे. 2016 च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली आणि कित्येक दिवस शहराने आपल्याच जुन्या खरेदीचा धूर गिळला.

आमच्या पाड्यांवरच्या दुकानात केस धुण्याच्या द्रव्याच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. पुडी दोन रुपयांची. तिच्यात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते वेगळे करणे परवडत नाही. म्हणून भंगारवाला बाटली घेतो, पत्रा घेतो, रद्दी घेतो. पुडीला हात लावत नाही. पुडी ओहोळात जाते, ओहोळ खाडीत जातो, खाडी समुद्रात जाते. ओळखीचे एक तांडेल मला म्हणाले, “मास्तर, डोलीत बोंबील येतो तशी पिशवीबी येते. बोंबील निवडायचा का पिशवी, यातच येळ जातो.” मग थांबून म्हणाले, “पण आमचं जाळंबी आता नायलॉनचंच हाय.” इतका प्रामाणिकपणा माझ्या व्यवसायात मी क्वचितच पाहिला. आमच्या मिरचीच्या वाड्यांतही हीच कथा. वाफ्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला की तण कमी होते, पाणी वाचते. शेतकऱ्याचे बरोबरच आहे. पण हंगाम संपल्यावर त्या कागदाच्या चिंध्या बांधावर फडफडतात आणि वाऱ्याने उडून कुंपणाला निशाणासारख्या लागतात. 2023 साली आपण पापलेटला राज्यमासा केले. मानपत्र दिले, राहायला घर मात्र स्वच्छ ठेवले नाही.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने 2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. चार दिवस कापडी पिशव्यांना बरे दिवस आले. पाचव्या दिवशी पिशवी गल्ल्याखालून हळूच बाहेर आली आणि आपण ती हळूच घेतली. या व्यवहारात दोन हात असतात, आणि त्यांतला एक आपला असतो.

येथे एक विद्वान मला अडवतील. म्हणतील, “गुरुजी, लोकांनी खरेदी थांबवली तर लोकांच्या पोटाचे काय?” प्रश्न खोटा नाही. पण मी खरेदी थांबवा म्हणत नाही. टिकणारे घ्या आणि दुरुस्त करा म्हणतो. वस्तू फुटली की नवी आणावी, या रिवाजाने पोट कोणाचे भरले आणि कोणाचे रिकामे झाले? कल्हईवाला गेला, छत्री दुरुस्त करणारा गेला, गाद्या पिंजणारा गेला, चांभाराच्या पेटीवर धूळ बसली. हे सगळे आपल्याच गावचे होते. आमचा मिक्सर बिघडला तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, “मास्तर, पार्ट मिळत नाही. नवा घ्या.” पाच रुपयांच्या तुकड्यासाठी पाच किलोचे यंत्र मृत घोषित झाले! युरोपीय संघाने 2024 साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडेही 2022 साली केंद्राने त्यासाठी समिती नेमली. सुटा भाग मिळणे ही मेहेरबानी नसून ग्राहकाचा हक्क आहे, हे दुकानाच्या फळीवर हात आपटून सांगायला आपण कधी शिकणार? बंदराविरुद्ध मोर्चा काढणाऱ्यांनी एखादा मोर्चा त्यासाठीही काढावा.

दुसरा आक्षेप असा, की मी जुन्या दारिद्र्याचे गोडवे गातो. मुळीच नाही. माझ्या आईने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्या थंडी होती म्हणून; पर्यावरणासाठी नव्हे. तिला दुसरे पांघरूण परवडले असते तर तिने आनंदाने घेतले असते. पण काटकसर आणि कंगाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या डहाणूच्या मातीतच सिद्ध झाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीबाईंची शिक्षणपद्धती त्यांना पटली होती. पण तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया आणि पाने घेतली आणि त्यांवर मुलांना मोजायला, जुळवायला, ओळखायला शिकवले. अंगणातच वाडी भरली. देशाला आज ठाऊक असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून पुढे आला. आज बालवाडीतल्या मुलाला रंग ओळखायला शिकवण्यासाठी आपण समुद्रापलीकडून प्लास्टिकचे ठोकळे मागवतो. आणि त्याच समुद्राच्या काठचा शिंपला मुलाने उचलला तर ‘टाक, घाण आहे’ म्हणून ओरडतो!

वाचकहो, सणाच्या दिवसात कडू बोललो. पण नरकचतुर्दशीला आपण पहाटे कडू कारीट फोडतोच की! तो नरकासुर तरी कोण होता? त्याने वरुणाचे छत्र पळवले, अदितीची कुंडले नेली, सोळा हजार कन्या कोंडून ठेवल्या. छत्राखाली बसला नाही, कुंडले ल्याला नाही, नुसते साठवले. आपल्या माळ्यावर चढून पाहा. कारीट तिथेच फोडायला हवे.

आणि लक्ष्मीपूजनाला आपण कशाची पूजा करतो? नव्या केरसुणीची. हळदकुंकू वाहतो, तिलाच लक्ष्मी म्हणतो. आमच्याकडे शिंदीच्या पानांची केरसुणी मिळते. वर्षभर घर झाडते. झिजली की उकिरड्यात जाऊन माती होते आणि वाडीतल्या मिरचीला खत होते. तिच्या जागी गेल्या वर्षी आमच्या घरात प्लास्टिकचा झाडू आला होता. तो झिजला नाही, मोडला. आणि मोडला तरी अजून परसात आहे. माझ्या नातवंडांच्या दिवाळीलाही तो हजर असेल.

यंदा मी ती फडताळी शाळेत नेऊन दिली. तिच्यात खडू ठेवतात. लक्ष्मीपूजनासाठी आठवडी बाजारातून शिंदीची केरसुणी आणून ठेवली आहे. तेवढीच एक नवी वस्तू या दिवाळीला आमच्या घरात येईल. मुलांना कपडे मिळतील, पण ते शाळा उघडल्यावर लागणारे. करंज्या होतील, कंदील जुन्या कामट्यांवर नवा कागद लावून होईल. घरच्या मंडळींशी यावरून दोन दिवस वाद झाला. तिसऱ्या दिवशी कामट्या त्यांनीच शोधून दिल्या.

एवढ्याने वाढवणचा समुद्र वाचेल असे मला वाटत नाही. पण पुढच्या मोर्चात घोषणा देताना माझा आवाज चिरकणार नाही.