तयार मार्गाचा नफा कोणाला?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण आमच्या धाकट्या भाऊजींशी आहे, पण त्यांच्यासारखा विचार करणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून सगळ्यांसमोरच मांडते. माझी नात ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा अवकाशातला खेळ खेळते आणि त्यात लढाया न करता व्यापार करते. एका ताऱ्यापाशी माल घ्यायचा, दुसऱ्यापाशी विकायचा. त्यासाठी तिने दोनशे पानी वही घातली आहे. भाऊजींचं म्हणणं असं, की हा खेळ, त्यात आकडेमोड कसली? आणि करायचीच तर नेटवर फायद्याच्या मार्गांच्या तयार याद्या असतात, त्या बघाव्यात आणि मोकळं व्हावं.

पहिला मुद्दा मला मान्य नाही. दुसरा तर अजिबातच नाही.

आधी खेळाबद्दल थोडं. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने तो २००३ साली सुरू केला. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. (तिथल्या चलनाचं लघुरूप आयएसके, आणि आइसलंडच्या खऱ्या क्रोनाचंही तेच!) बाजारातला बहुतेक माल खेळाडूंनीच खणलेला, बनवलेला असतो आणि भावही तेच ठरवतात. २००७ मध्ये कंपनीने या बाजारावर लक्ष ठेवायला चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमले, एयोल्फर गुडमुंडसन. पुढे २०१४ मध्ये ते आक्युरेरी विद्यापीठाचे रेक्टर झाले. ‘खेळात कसली आकडेमोड’ हे भाऊजींनी त्यांना विचारावं.

आता मुख्य गोष्ट. मी वर्षानुवर्षं नफा-तोटा शिकवला. पुस्तकातला दुकानदार १००० रुपयांना वस्तू घेतो, १५०० ला विकतो, शेकडा नफा ५०, उत्तराखाली दुहेरी रेघ. त्या गणितात मालाला आकार नसतो, वाटेला लांबी नसते, आणि दुकानदाराच्या खिशात किती पैसे आहेत हे कोणी विचारत नाही.

नातीच्या वहीतलं एक उदाहरण देते, आकडे सोपे करून. जहाजात जागा ५००० घनमीटर. ‘अ’ माल १००० ला मिळतो, १५०० ला जातो, एक नग १० घनमीटर. ‘ब’ माल २०,००० ला मिळतो, २२,००० ला जातो, नग ५ घनमीटर. पुस्तक म्हणेल ‘अ’ घ्या, नफा शेकडा ५०. पण ‘अ’चे ५०० नगच मावतात, म्हणजे फेरीला अडीच लाख. ‘ब’चे १००० नग मावतात आणि वीस लाख सुटतात. झालं? नाही. ‘ब’ने जहाज भरायला दोन कोटी लागतात. जवळ दहाच लाख असतील तर ‘ब’चे ५० नग येतील आणि नफा होईल एक लाख, मग ‘अ’च बरा. शिवाय विक्रीवर कर आहे. समजा तो शेकडा ५ धरला, तर ‘ब’च्या नगामागे २००० चे ९०० उरतात, निम्म्याहून कमी. ‘अ’चे ५०० चे ४२५ राहतात. आता सांगा, फायद्याचा मार्ग कोणता? तो कोणाचा खिसा आणि कोणाचं जहाज यावर ठरतो. तयार यादीला तुमचा खिसा माहीत नसतो.

याद्या अगदीच निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. खेळात तुम्ही ज्या प्रदेशात असाल तिथलाच बाजार दिसतो, तेव्हा लांबचे भाव कळायला त्यांचा उपयोग होतो. नातही बघते. पण यादीतला भाव किती नगांना आहे? खरेदीदाराने ‘किमान इतके नग’ अशी अट घातली आहे का? आणि भाऊजी, जी यादी तुम्हाला दिसते ती आणखी हजार जणांना दिसत नसेल का? पहिले दोघे माल ओततात, भाव पडतो, आणि तिसरा भरलं जहाज घेऊन उभा राहतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गभर एकच गाईड फिरायचं तेव्हा निदान मार्क तरी सगळ्यांना मिळायचे. इथे तेही नाही.

चोरांचं तर यादीत काहीच नसतं. सुरक्षित म्हणवणाऱ्या भागातही कोणी तुम्हाला लुटू शकतो. कॉनकॉर्ड नावाचे पोलीस येतात, लुटारूचं जहाज फोडतात, पण तुमचं फुटल्यावर! लुटारू हिशोबी असतात. आपली किती जहाजं जातील आणि फुटलेल्या जहाजातून साधारण निम्मा माल हाती लागला तर परवडेल का, हे ते आधी मांडतात. म्हणून नात जहाज मुद्दाम पूर्ण भरत नाही. आपल्याला लुटणं त्यांना तोट्यात जाईल इतकाच माल. हे मी तीनदा समजावून घेतलं आणि मग मला फार आवडलं.

आणि वाटा बदलतात. जिता हा तिथला सगळ्यात मोठा बाजार आणि अमार हा दुसरा. या दोघांमधली नेहमीची वाट निआर्जा नावाच्या ठिकाणाहून जायची, नऊ-दहा उड्यांची. २०२० साली ट्रिग्लाव्हियन आक्रमणात खेळाडूंच्याच दोन बाजू लढल्या आणि निआर्जा हातचं गेलं. सुरक्षित वाट एकदम ४५ उड्यांच्या आसपास गेली. जवळून जायचं तर धोक्याच्या भागातून. ज्यांच्याकडे फक्त पाठ केलेला मार्ग होता त्यांच्याकडे त्या दिवशी काहीच उरलं नाही. ज्यांना भाड्याचा, वेळेचा, जोखमीचा हिशोब येत होता त्यांनी तो नव्याने मांडला.

खेळात वेळ जातो, झोप जाते, हे मान्य. त्यावर तिचं आणि तिच्या आईचं काय ठरायचं ते ठरलं आहे, मी मध्ये पडत नाही. खरे पैसे मोजून तिथलं चलन मिळवता येतं, ते मात्र मला पसंत नाही. भांडवल असं आयतं आलं की वही बंद होते.

भाऊजी, राग मानू नका, पण शेअरबाजारात कोणीतरी फोनवर ‘हा घ्या’ म्हणतं आणि तुम्ही घेता, तेव्हाही मी हेच म्हणते.

असो. सध्या तिचं अडलंय ते परतीच्या मालावर. ट्रकवाले ज्याला रिटर्न भाडं म्हणतात तेच. जिताहून जाताना जहाज भरतं, अमारहून येताना रिकामं. काल तिने सहा वस्तू तपासल्या, पाच कर वजा जाता तोट्यात, सहावीचे खरेदीदार दोनच. आज संध्याकाळी आम्ही दोघी सातवीचा हिशोब मांडणार आहोत.