‘बाहेर’ म्हणजे नेमकं कुठे?

२०१८मध्ये इंजिनिअरिंग संपवून मी हिंजवडीत नोकरीला लागले, तेव्हा वाट्याला आलेलं पहिलं काम ब्रेक्झिटचं होतं. क्लायंट ब्रिटिश, धंदा मालवाहतुकीचा. ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडल्यावर ट्रकसोबत कस्टम्सची जी कागदपत्रं लागणार, ती आमच्या सॉफ्टवेअरने तयार करायची होती. एका फाइलमध्ये बाहेर पडण्याची तारीख होती : २९ मार्च २०१९. ती आधी १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी २०२०. तारीख बदलणं सोपं, एका ओळीचं काम. त्या तारखेनंतर सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. आम्ही विचारायचो, आणि उत्तर यायचं, ‘थांबा, अजून पार्लमेंटचंच ठरलेलं नाही.’

कँटीनमध्ये यावर एकमत होतं : अडाणी लोकांना एवढे मोठे प्रश्न विचारले की असंच होणार. मीही मान डोलवायचे. आज हे वाक्य ऐकलं की राग येतो. एक तर ते बोलणारी माणसं त्याच दमात आपल्याकडच्या वस्तीतल्या मतदाराबद्दलही तेच बोलत असतात. आणि दुसरं म्हणजे, ते साफ चुकीचं आहे. २०१६च्या सार्वमतात दोष उत्तर देणाऱ्यांचा नव्हता. दोष प्रश्नाचा होता, आणि तो प्रश्न शिकल्यासवरलेल्या, ऑक्सफर्डमधून बाहेर पडलेल्या लोकांनी तयार केला होता.

आधी उत्तर देणाऱ्यांविषयी. २३ जून २०१६ला ७२.२ टक्के मतदान झालं. १९९२नंतरच्या कुठल्याही ब्रिटिश सार्वत्रिक निवडणुकीत एवढं झालेलं नव्हतं. १ कोटी ७४ लाख लोकांनी ‘लीव्ह’ म्हटलं, १ कोटी ६१ लाखांनी ‘रिमेन’. सुंदरलँडसारख्या गावाचं उदाहरण नेहमी टिंगलीसाठी दिलं जातं : निस्सानचा कारखाना युरोपला गाड्या विकतो आणि गाव ६१ टक्क्यांनी बाहेर पडायला मत देतं! पण जिथे दर निवडणुकीत एकच पक्ष निवडून येतो, तिथे माणसाचं मत एरवी मोजून न मोजल्यासारखंच असतं. सार्वमतात मतदारसंघ नव्हते, प्रत्येक मताचं वजन सारखं होतं. जहाजबांधणी आणि कोळसा गेल्यावर ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांना विचारलं गेलं. त्यांनी उत्तर दिलं. यात अडाणीपणा कुठला?

आता प्रश्न बघा. मतपत्रिकेवर दोन पर्याय होते : युरोपीय महासंघात राहायचं, की बाहेर पडायचं. ‘राहायचं’ म्हणजे काय, हे साधारण माहीत होतं; चाळीसहून अधिक वर्षं ते चालूच होतं. ‘बाहेर’ म्हणजे कुठे? नॉर्वेसारखं, म्हणजे एकल बाजारपेठेत राहायचं, पैसे भरायचे, युरोपियन कामगारांना येऊ द्यायचं, पण नियम ठरवताना मत नाही? तुर्कस्तानसारखं, म्हणजे मालापुरतं कस्टम्स युनियन? कॅनडासारखा व्यापार करार? की करारच नाही? हे चार वेगवेगळे देश होतात, एक नाही. घर सोडायचं का, असं विचारून कुठे जायचं हे न सांगण्यासारखंच हे आहे. कुणाच्या डोळ्यांपुढे शेजारची सोसायटी असते, कुणाच्या गाव, आणि हात सगळे एकदम वर करतात.

हा गोंधळ अजाणतेपणी झालेला नाही. ‘व्होट लीव्ह’ मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांनी वर्षभर आधीच लिहिलं होतं, की बाहेर पडू पाहणाऱ्या सगळ्यांना पटेल असा एक आराखडा बनवणं जवळपास अशक्य आहे. म्हणून मोहिमेने तो बनवलाच नाही. त्याऐवजी बसवर आठवड्याचे ३५ कोटी पाऊंड रंगवले, जो आकडा दिशाभूल करणारा आहे, असं सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने सांगूनही.

पण सगळं खापर तिथे फोडून रिमेनवाल्यांना सुटका मिळत नाही. सार्वमत घेणारं सरकार डेव्हिड कॅमेरन यांचं. निकाल उलटा लागला तर काय, याची तयारी करायला त्यांनी प्रशासनाला मनाई केली होती. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने जुलै २०१६मध्ये याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. प्रचारात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी लगेच ३० अब्ज पाऊंडांचं करवाढ-कपातीचं अंदाजपत्रक आणावं लागेल, अशी भीती घातली. ते कधीच आलं नाही. एका बाजूने स्वप्न विकलं, दुसरीने भीती. नकाशा कुणीच दाखवला नाही. मतदानाच्या दुसऱ्या सकाळी कॅमेरन राजीनामा जाहीर करून मोकळे झाले.

मग जे झालं, ते आमच्या त्या फाइलमध्ये मला रोज दिसत होतं. थेरेसा मे यांचा करार संसदेने तीनदा फेटाळला, पहिल्यांदा ४३२ विरुद्ध २०२ असा. विरोधात मत देणाऱ्यांत रिमेनवाले होते आणि कट्टर लीव्हवालेही. एकाला तो जास्त बाहेरचा वाटत होता, दुसऱ्याला पुरेसा बाहेरचा नाही. २७ मार्च २०१९ला खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले. आठही पडले. १ एप्रिलला चार ठेवले. तेही पडले, कस्टम्स युनियनचा प्रस्ताव फक्त तीन मतांनी. जे निवडणं २०१६च्या आधी व्हायला हवं होतं, ते तीन वर्षांनी, घड्याळ लावून, एकमेकांना देशद्रोही म्हणत चाललं होतं. त्याआधी न्यायाधीशांना ‘लोकशत्रू’ ठरवणारे मथळेही छापून झाले होते. आणि उत्तर आयर्लंडची जवळपास ५०० किलोमीटरची सीमा, जिथे पुन्हा नाकी उभारली तर मोठ्या कष्टाने आलेली शांतता धोक्यात आली असती, ती प्रचारात बहुतेकांच्या खिजगणतीतही नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, आराखडा आधी देणार कसा? कलम ५०ची सूचना दिल्याशिवाय युरोप बोलणी करायलाच तयार नव्हता. मुद्दा बरोबर आहे. पण त्याला उत्तरं होती, आणि फार लांबही जावं लागलं नसतं. १९९८मध्ये गुड फ्रायडे करारावर सार्वमत झालं, तेव्हा करार आधी झाला होता. त्याची प्रत उत्तर आयर्लंडमध्ये घरोघरी पोचवली, मग लोकांना विचारलं. २०१४मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत झालं, तेव्हा तिथल्या सरकारने आधी सहाशेहून अधिक पानांची श्वेतपत्रिका काढली. विरोधकांनी चलनाच्या मुद्द्यावर तिची चिरफाड केली. हेच तर हवं! चिरफाड करायला समोर काहीतरी कागद लागतो.

आणि आपल्या शेजारी गोवा आहे. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. दोन्ही गोष्टी लोकांना डोळ्यांनी दिसत होत्या. महाराष्ट्र कसा आहे ते बसने जाऊन बघता येत होतं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरण पडलं. त्यानंतर काहीच महिन्यांत त्याच गोवेकरांनी विलीनीकरणवादी मगो पक्षाला पुन्हा सत्ता दिली. कटुता तिथेही होती, पण हरलो कशावर आणि जिंकलो कशावर, याबद्दल शंका नव्हती. म्हणून पुढचं राजकारण चालू शकलं.

ब्रिटनमध्ये सार्वमताच्या कायद्यातच दोन टप्पे लिहिता आले असते : आधी तत्त्वतः मत, मग झालेल्या करारावर मत. नंतर ‘पीपल्स व्होट’वाल्यांनी दुसरं सार्वमत मागितलं, तेव्हा उशीर झाला होता. हरल्यावर नियम बदलायला निघालेल्यांवर कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा ठेवला नसता. नियम खेळाआधी ठरवायचे असतात. ‘कौल मिळाला, आता गप्प बसा’ म्हणणारेही तितकेच चूक, कारण कौल कशाला मिळाला हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

एकच उदाहरण देते. युरोपियन येणं थांबलं तर दक्षिण आशियातून आचारी आणणं सोपं होईल, असं लीव्हवाल्यांनी करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगितलं होतं. त्याच मोहिमेने इतरांना सांगितलं, की एकूणच बाहेरून येणारे कमी होतील. झालं असं, की युरोपियन कमी झाले, आणि भारतासारख्या देशांतून येणारे एवढे वाढले, की २०२३पर्यंत निव्वळ स्थलांतराचा वर्षाचा आकडा नऊ लाखांवर गेला. माझ्या बॅचची तीन मुलं शिक्षणानंतरच्या दोन वर्षांच्या व्हिसावर तिथे राहिली. ती फॅमिली ग्रुपवर अजून ‘अडाणी गोऱ्यां’वर विनोद पाठवतात. त्यांना लोकांनी बोलावलं की नाकारलं? मतपत्रिका पुन्हा शंभर वेळा मोजल्या तरी हे कळणार नाही. ते तिच्यावर विचारलंच नव्हतं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं की ‘लोकांना विचारूच नये’, तर त्याला आधी प्रश्नाचा कागद दाखवायला सांगा. आमच्या कामात अर्धवट मागणी घेऊन कुणी आलं, तर आम्ही ती लिहून आणायला सांगतो. नाही सांगितलं तर पुढचे सहा महिने आम्हीच रात्री जागतो. ब्रिटनमध्ये मागणी लिहून न घेता तारीख ठरवली गेली, आणि जागत मात्र ती बसली सगळ्यात आधी ज्यांना दोष दिला गेला ती माणसं.