कट-ऑफची यादी संपते, तिथून पुढे

मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष
आणि मा. संचालक, तंत्रशिक्षण संचालनालय, महाराष्ट्र राज्य यांस,



गेली बावीस वर्षं मी एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गणित शिकवते. दरवर्षी तुमची कट-ऑफची पीडीएफ आली की आमच्या स्टाफरूममध्ये ती वर्तमानपत्रासारखी वाचली जाते. त्यातली सांकेतिक अक्षरं आम्हाला पाठ आहेत: जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुली, मग प्रवर्ग, शेवटी एच (स्वतःचं विद्यापीठ), ओ (बाहेरचं विद्यापीठ) किंवा एस (राज्यस्तर). कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेला, कितव्या फेरीत, कोणत्या प्रवर्गातलं शेवटचं मूल किती पर्सेंटाइलला आलं, हे त्यात दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत असतं. इतकी बारीक नोंद कोणालाही वाचता येईल अशी उघडी ठेवता, याबद्दल तुमचे मनापासून आभार.

मग वर्ग सुरू होतात आणि ते मूल तुमच्या कागदावरून पुसलं जातं. एखादा विषय मागे राहून त्याला केटी लागली का, त्याचं वर्ष गेलं का, चार वर्षांत पदवी हातात पडली का, की दुसरं सत्र सुरू व्हायच्या आतच हॉस्टेलची खोली रिकामी करून ते गावी गेलं? त्या सात आकड्यांना जोडून यातलं काहीही मला कुठे वाचायला मिळत नाही.

हे का हवं, ते माझ्या एका वहीतून सांगते. एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणितात, नापास होणाऱ्या मुलांबद्दल स्टाफरूममध्ये ठरलेली वाक्यं असतात. ‘पर्सेंटाइलच कमी.’ ‘मराठी माध्यम.’ आणि आवाज खाली आणून, ‘कॅटेगरी.’ मीही अनेक वर्षं यातलं पहिलं वाक्य बोलत आले. एका वर्षी निकालानंतर मी वर्गाची यादी घेऊन बसले आणि प्रत्येक नापास नावापुढे ते मूल वर्गात प्रथम कोणत्या तारखेला आलं, ते हजेरीपटावरून लिहिलं. निम्म्याहून जास्त मुलं शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेली होती. ती आली तेव्हा पहिलं युनिट शिकवून झालं होतं, ट्यूटोरियलच्या बॅचेस पडल्या होत्या, आणि मागचं पुन्हा शिकवायची सोय वेळापत्रकात नव्हती. त्यांच्यात चांगल्या पर्सेंटाइलचीही मुलं होती. पुढच्या वर्षी मी उशिरा आलेल्यांसाठी शनिवारी दोन तास वेगळे घेऊ लागले. आधीच्या वर्षांतल्या मुलांना ते मिळाले नाहीत, याचं वाईट वाटायचं थांबलेलं नाही.

एका वर्गाच्या वहीवरून राज्याचं धोरण ठरू नये, हे मलाही कळतं. पण हाच प्रश्न सगळ्या महाराष्ट्राला विचारायचा तर लागणारं सगळं आपल्याकडे आहे. प्रवेशाची फेरी आणि तारीख कक्षाकडे आहे, निकाल विद्यापीठाकडे पीआरएनवर, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकावर, आहेत. किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत पास झाले, हे कॉलेजं मानांकनासाठी एनबीएला आणि क्रमवारीसाठी एनआयआरएफला भरून देतच असतात. प्रवेशाचा अर्ज क्रमांक आणि पीआरएन यांची गाठ मारणं एवढंच काम आहे.

गाठ नसली की काय होतं, ते डिसेंबर 2023 मध्ये संसदेत दिलेल्या एका उत्तरात दिसलं. मागच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम मिळून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी प्रवर्गांतल्या 13,626 विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडलं. त्यातले 3,542 आयआयटींमधले. आकडा मोठा आहे आणि मनाला लागतो. पण एकूण किती जणांपैकी, कोणत्या शाखेतून, कोणत्या सत्रात? खुल्या प्रवर्गातून किती गेले? किती जणांनी नापास होऊन सोडलं, किती जणांनी पैशांपायी, आणि किती जण दुसरीकडे बरी जागा मिळाली म्हणून गेले? हे त्या आकड्याच्या शेजारी नसेल तर ज्याला जे आधीच वाटत असतं तेच तो त्यात वाचतो.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातले मॅथ्यू ओहलँड आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक विद्यापीठांतल्या लाखो विद्यार्थ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं एकमेकींना जोडल्या. त्या संचाचं नाव ‘मिडफील्ड’. मुली अभियांत्रिकी अर्ध्यावर सोडतात, असा तिथे सार्वत्रिक समज होता. नोंदी जोडल्यावर दिसलं, की एकदा आलेल्या मुली जवळपास मुलांइतक्याच टिकतात. मोठी तफावत दारातच आहे, मुळात येतातच कमी. असं कळलं की उपायाची जागाच बदलते.

आपल्याकडेही दारावरचा आकडा समोर ठेवला तेव्हा दार रुंद झालं. आयआयटींमध्ये मुली जेमतेम आठ-नऊ टक्के असत. 2018 पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण केल्या, मुलांची एकही जागा कमी न करता, आणि 2020 पर्यंत 20 टक्के हे लक्ष्य ठेवलं. महाराष्ट्रात तर मुलींना 30 टक्के समांतर आरक्षण आहेच.

मुलींच्या बाबतीत तुमच्याकडे आणखी एक खजिना आहे: ऑप्शन फॉर्म. त्यात कॉलेज आणि शाखांचे 300 पर्यंत पर्याय भरायची मुभा असते. चांगल्या पर्सेंटाइलची एखादी मुलगी त्यात फक्त स्वतःच्या जिल्ह्यातली चार कॉलेजं भरते, तेव्हा ती काय सांगत असते? घरून एसटीने जाऊन-येऊन जमेल एवढंच, असं घरात ठरलेलं असतं. कट-ऑफच्या यादीत ती मिळालेल्या कॉलेजापुरती दिसते. जी कॉलेजं तिने भरलीच नाहीत, ती कुठेच दिसत नाहीत. घरचा पिनकोड आणि भरलेले पर्याय शेजारी ठेवून पाहा. मुलींचं पुढचं वसतिगृह कोणत्या तालुक्यात बांधायचं, हे त्यातून निघेल. मेकॅनिकलच्या वर्गात मुली का नाहीत, याचंही थोडं उत्तर तिथेच असेल.

एक भीती मात्र आहे, आणि ती आमच्यासारख्या शिक्षकांचीच आहे. प्रवेश आणि निकाल जोडलेली यादी आमच्या हाती नावानिशी पडली तर आम्ही मुलांवर शिक्के मारू. आयआयटी मुंबईला 2023 मध्ये विद्यार्थ्यांना सांगावं लागलं, की एकमेकांना जेईईची रँक किंवा प्रवर्ग कळेल असं काही विचारू नका. एखाद्या शाखेत आदिवासी मुलगी एकच असेल तर ‘एसटी, मुली, नापास 1’ असं छापणं म्हणजे तिचं नावच छापणं. म्हणून दहाच्या आतला कोणताही आकडा छापू नये. नावं काढलेला डेटाच अभ्यासकांना द्यावा. आणि कोणतं मूल नापास होईल याचं भाकीत करणारी यंत्रणा आणून वर्गशिक्षकाच्या हाती यादी देऊ नये. मोजायचं आहे ते कॉलेजला, वेळापत्रकाला, शिष्यवृत्तीच्या हप्त्याला आणि आम्हा शिक्षकांना.

सुरुवातीला चालू प्रवेशप्रक्रियेला हात लावायचीही गरज नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. फार चांगला निर्णय आहे. पण त्यामुळे एरवी आल्या नसत्या अशा मुली आल्या, की येणारच होत्या त्यांच्या घरचे पैसे वाचले? त्या दूरच्या कॉलेजात गेल्या का? खानावळ आणि खोलीभाड्याचं ओझं झेपून टिकल्या का?

त्या वर्षी पहिल्या वर्षाला आलेल्या मुली 2028 मध्ये पदवीधर व्हायच्या आहेत. त्यांचे अर्ज क्रमांक तुमच्याकडे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा आणि दरवर्षी कट-ऑफच्या यादीसोबत त्यांचं पुढे काय झालं, तेही छापा.

आपली,
पहिल्या वर्षाला गणित शिकवणारी एक प्राध्यापिका