दर्या की दऱ्या?



यंदा आमच्या दिवाळी अंकातला एक गिर्यारोहक बुडता बुडता वाचला. हरिश्चंद्रगडावरच्या त्याच्या लेखात दऱ्या होत्या. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि जिथे तिथे 'दर्या' झाला. बेंगळूरुमध्ये, बनशंकरीतल्या आमच्या घरी मुद्रितं वाचणाऱ्या काकूंनी चष्मा वर करून विचारलं, "अहो, हा कोकणकड्यावरून थेट समुद्रात कसा उतरला?"

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे खापर माझ्याच डोक्यावर.

जुने फाँट म्हणजे सोंग होतं. संगणकाच्या पोटात रोमन अक्षरं, वर देवनागरीचा मुखवटा. युनिकोडने १९९१मध्ये, पहिल्याच आवृत्तीत, देवनागरीला स्वतःची जागा दिली. पण य च्या डोक्यावर न चढता त्याच्या अंगाला आडवा बिलगणारा आपला र काही सुखाने नांदेना. हिंदीला तो लागत नाही. आपल्याला लागतो, आणि लिहायला वाटा दोन: खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडायचा, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारा जोडक ठेवायचा. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं. यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. अंकात 'दुसऱ्या' शोधलं तर काही लेख सापडतात, काही लपून बसतात. आणि तो अदृश्य जोडक वाटेत कुठे गळाला, की दऱ्यांचा दर्या.

हे गाऱ्हाणं ऑफिसातल्या कन्नड मित्राला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. कन्नडात 'रँक' लिहायचा तर त्यांनाही तोच जोडक लागतो. निकालाच्या दिवसांत रँकवाल्या मुलांचे फोटो मिरवणाऱ्या या शहरात हा शब्द काही विरळा नाही.

'ॲप'चंही तेच. २००८मध्ये युनिकोडने ॲ ला स्वतंत्र घर दिलं, २००९च्या शासन निर्णयाने त्याला मराठी वर्णमालेत घेतलं. (यंत्र सरकारच्या आधी पोचलं, याची नोंद असावी.) तरी बरेच लेखक अजून अ वर चंद्र ठेवूनच पाठवतात.

१९०९मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा कुठला खिळा उचलायचा हे जुळाऱ्याच्या बोटांना ठाऊक असे. आता लेखक ते कीबोर्डवर सोडतो, कीबोर्ड फाँटवर, फाँट आमच्यावर. छापील अंक निदान टेबलावर पडून दिसतो तरी. ऑनलाइन लेख सापडला नाही तर तो नाहीच. 'नेटवर मराठीत काही मिळत नाही' असं कोणी म्हणालं, की मला वाटतं, असेल हो, भलत्या र च्या आड उभं असेल.

यंदा चाळीसेक ओळींचा प्रोग्राम लिहून सगळा अंक एका वाटेला लावला. पण 'दर्या' कुठे समुद्र आणि कुठे दरी, हे त्याला कळेना. ते काकूंनी लाल पेनने केलं.

पुढच्या वर्षीचे लेख कृपया युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फाँटमध्ये असतील तर सोबत पीडीएफ जोडा. आणि डोंगरावरच्या लेखात कुठे समुद्र दिसलाच, तर पान क्रमांकासह कळवा.

शुभ दीपावली!

संपादक
बनशंकरी, बेंगळूरु