चेहरा नसलेला ड्रायव्हर

रात्रीची जेवणं आटोपलेली असतात. टीव्हीवरची रहस्यमालिका ऐन रंगात आलेली असते. नायिका अंधाऱ्या जिन्यावरून एकेक पायरी उतरू लागते. ढगांचा गडगडाट होतो, दार करकरतं, संगीत टिपेला पोहोचतं आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीन वेळा येऊन धडकतो. आजी पदर तोंडाशी नेतात. सातवीतला नातू मात्र शेंगदाणे सोलता सोलता म्हणतो, ‘‘काही नाही गं आजी, मांजर असणार.’’ आणि खरोखरच मांजर निघतं!

नातवाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रेक्षकाला दचकवणं सोपं असतं. त्याला धास्तावलेला ठेवणं ही फार वेगळी, अवघड कला आहे.

हा फरक समजावून सांगताना आल्फ्रेड हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देत. दोन माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्याच फालतू गप्पा जीवघेण्या वाटू लागतात. स्फोट व्हायचा बाकी असतो, तोवर पाहणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू झालेली असते.

टीव्हीच्या छोट्या पडद्यावर ही कला कशी साधते, याचा एक उत्तम धडा १३ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर दाखवला गेला. टीव्हीसाठीच काढलेल्या या ७४ मिनिटांच्या चित्रपटाचं नाव होतं ‘ड्युएल’. दिग्दर्शक होता २४ वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग. त्याचा ‘जॉज’ पडद्यावर यायला अजून चार वर्षं होती.

गोष्ट एका ओळीत सांगता येईल अशी. डेव्हिड मान नावाचा साधा नोकरदार लाल मोटारीतून कामासाठी निघतो. वाटेत एका जुनाट, धूर ओकणाऱ्या टँकरला तो ओव्हरटेक करतो आणि टँकर त्याच्या जिवावर उठतो. कारण? शेवटपर्यंत कळत नाही. लेखक रिचर्ड मॅथेसन यांना ही कल्पना स्वानुभवातून सुचली होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, एका ट्रकने त्यांच्या मोटारीचा असाच पिच्छा पुरवला होता.

चित्रपटभर पाठलाग आहे. पण खरा धडा मिळतो तो मोटार थांबलेली असताना, रस्त्याकडेच्या एका खाणावळीत.

बॉम्ब कुठल्या टेबलाखाली?

जीव वाचवून मान या खाणावळीत शिरतो. कॅमेरा खांद्यावर घेतल्यासारखा त्याच्या मागोमाग चालतो: टेबलांमधून, गिऱ्हाइकांच्या बाजूने, थेट स्वच्छतागृहापर्यंत. मान तोंडावर पाणी मारतो, सावरतो आणि परत येतो. मध्ये कात्री लागत नाही. त्यामुळे प्रेक्षकही त्याच्याबरोबर आत जातो, त्याच्याबरोबर सुटकेचा श्वास टाकतो. संपलं एकदाचं!

तेवढ्यात मानची नजर खिडकीबाहेर जाते. टँकर समोर उभा आहे.

गडगडाट नाही, किंकाळी नाही. दारात एक वाहन उभं आहे, एवढंच. पण त्या क्षणापासून खाणावळीतलं प्रत्येक गिऱ्हाईक संशयित होतं, कारण टँकर इथे आहे म्हणजे ड्रायव्हरही इथेच असणार. हिचकॉकच्या उदाहरणात बॉम्ब कुठे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. स्पीलबर्गने त्यात बारीकसा बदल केला. बॉम्ब याच खोलीत आहे हे कळतं, पण कुठल्या टेबलाखाली ते कळत नाही.

मानजवळ एकच धागा आहे. आधी पेट्रोल पंपावर त्याला टँकरच्या आडून ड्रायव्हरचे बूट दिसले होते. प्रेक्षकालाही तेवढेच दिसले होते. आता कॅमेरा मानची नजर बनून बाकांवरच्या माणसांच्या पायांवरून फिरतो. बूट, पुन्हा बूट, पुन्हा बूट! जवळजवळ सगळ्यांचा पेहराव सारखाच. धागा हाती असून नसल्यासारखा.

इथे संकलनाची करामत सुरू होते. मानचा घामेजलेला चेहरा, मग कुणाची तरी पाठ. पुन्हा मानचा चेहरा, मग कुणाची तरी नजर. त्या माणसांनी विशेष काहीच केलेलं नसतं. कुणी खातंय, कुणी सहज वळून पाहतंय. पण भेदरलेल्या चेहऱ्याला जोडून दाखवलं की साधं पाहणंही खुनशी वाटतं. जोडीला मानच्या मनातले विचार ऐकू येतात. माफी मागावी का? बोलायला जावं का? की गुपचूप निघून जावं? शेजारून कपबशांचा आवाज येतो, जग नेहमीसारखं चाललेलं असतं. घाबरलेला माणूस एकटाच.

एक माणूस उठून बाहेर जातो. हाच तो! पण तो दुसऱ्याच गाडीत बसून निघून जातो. ताण सैल झाल्यासारखा वाटतो आणि लगेच दुसऱ्यावर संशय जातो. अखेर मान धीर करून सँडविच खाणाऱ्या एकाला हटकतो. तो माणूस चक्रावतो, मान त्याच्या हातातलं सँडविच उडवतो आणि हाणामारी होते. तो भलताच कुणी असतो! आणि त्याच वेळी बाहेर टँकरचं इंजिन घरघरतं. ड्रायव्हर खाणावळीत नव्हताच.

भीती चेहऱ्याला नसते

पुढे परदेशातल्या चित्रपटगृहांसाठी ‘ड्युएल’ सुमारे ९० मिनिटांचा करण्यात आला. त्यात मान घरी फोन करतो असा प्रसंग जोडला गेला. आदल्या रात्री पार्टीत एकाने बायकोशी लगट केली तेव्हा मान गप्प बसला होता, हे त्यातून कळतं. ते कळल्यावर खाणावळीतल्या प्रसंगाचा अर्थ बदलतो. हा माणूस शत्रू शोधत असतो, तसाच आपल्यात उभं राहण्याची हिंमत आहे का, हेही शोधत असतो. एकदाची हिंमत होते, तीही चुकीच्या माणसासमोर. सगळ्यांदेखत हसं होतं. प्रेक्षकाला हे लागतं, कारण अशी नामुष्की त्याच्या ओळखीची असते.

हे सगळं अफाट खर्चातून आलं नाही. चित्रीकरणाला दोन आठवडेसुद्धा मिळाले नव्हते. स्टुडिओत पाठीमागच्या पडद्यावर रस्ता दाखवून काम उरकण्याचा सल्लाही दिला गेला होता. स्पीलबर्गने खऱ्या रस्त्याचा हट्ट धरला. संपूर्ण पाठलागाचा नकाशा काढून त्याने तो मुक्कामाच्या खोलीत भिंतीवर लावला होता. उघड्या बोडक्या मुलखात उठून दिसावी म्हणून मोटार लाल निवडली. टँकर निवडताना अनेक ट्रक पाहिले आणि ज्याचा दर्शनी भाग चेहऱ्यासारखा वाटला तो घेतला. ड्रायव्हरचा चेहरा मात्र दाखवलाच नाही. दिसला असता तर तो कुणीतरी एक तिरसट इसम ठरला असता. न दिसल्यामुळे प्रत्येकाने आपापल्या मनातला चेहरा तिथे बसवला.

आपल्या मालिकांना पावसाळी रात्री, पडके वाडे आणि कर्कश संगीत यांचा सोस फार. ‘ड्युएल’मधली ही खाणावळ तर भर दिवसाची आहे.

आजी-नातवाच्या घरात एक गंमत करून पाहण्यासारखी आहे. पुढचा रहस्यमय प्रसंग सुरू झाला की टीव्हीचा आवाज काही क्षण बंद करायचा. तरीही छातीत धडधडत राहिलं, तर दिग्दर्शकाने काम चोख केलं आहे असं समजावं. आणि नातू शेंगदाणे सोलतच राहिला, तर मांजरच असणार!