खाण कुणाची ते राहू द्या, हिशेब कुणाकडे?

झांबियाच्या तांब्याविषयी बोलणे निघाले की दोनच सूर लागतात. एक म्हणतो, परदेशी कंपन्यांनी देश लुटला. दुसरा म्हणतो, सरकारने खाणी बुडवल्या होत्या, कंपन्या आल्या म्हणून निदान चार घरांच्या चुली पेटल्या. दोघे हमरीतुमरीवर येतात, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता धरून ठेवलेली असते. खाणीचे भले-बुरे तिच्या मालकावर ठरते, ही ती गोष्ट. वादाची सुरुवात मी तिथूनच करतो, कारण झांबियाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या गृहीताच्या विरुद्ध साक्ष देतो.

या देशाने कोणता मालक पाहिलेला नाही? वसाहतकाळात अँग्लो अमेरिकन आणि रोन सिलेक्शन ट्रस्ट, त्यांच्या डोक्यावर बसून रॉयल्टी खाणारी ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनी, मग स्वतंत्र झांबियाचे सरकार, मग स्विस ग्लेनकोर, भारतीय बिनानी आणि वेदांता, कॅनडाच्या फर्स्ट क्वांटम आणि बॅरिक, चिनी सरकारी कंपन्या आणि आता अबुधाबीची इंटरनॅशनल रिसोर्सेस होल्डिंग. मालक बदलले की चित्र बदलते हे खरे असते, तर इतक्या पालटांनंतर चिंगोला, किटवे आणि मुफुलिरा या खाणशहरांची गाऱ्हाणीही बदलायला हवी होती. ती बदललेली नाहीत. पाणी खराब, हवा गंधकाची आणि सरकारच्या तिजोरीत ठणठणाट, ही तक्रार आजोबांची होती आणि नातवाचीही तीच आहे.

आधी खासगीकरणवाद्यांचे म्हणणे घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी 1969 मध्ये खाणींची 51 टक्के मालकी सरकारकडे घेण्याची घोषणा केली तेव्हा देशाचे वार्षिक उत्पादन सात लाख टनांच्या वर होते. 2000 साली ते अडीच लाख टनांच्या आसपास आले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस झेडसीसीएम ही सरकारी कंपनी दिवसाला सुमारे दहा लाख डॉलर गमावत होती. हे आकडे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचा अर्थ 'सरकारला खाण चालवता येत नाही' एवढाच काढणारे 1975 चे साल गाळून जातात. त्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला आणि पुढची पंचवीस वर्षे, मधले काही चढ सोडले, तर तो धड सावरला नाही. याच काळात खाणीतून येणारे परकीय चलन सरकारने दवाखाने, शाळा, अन्नधान्यावरचे अनुदान आणि शेजारच्या मुक्तिलढ्यांचा भार यांवर खर्च केले. नव्या शाफ्टसाठी, यंत्रांसाठी काही उरले नाही. सरकारचा खरा गुन्हा हा की त्याने खाणीकडे दुभत्या गाईसारखे पाहिले आणि चाऱ्याचे पैसे घरखर्चात घातले. खाणकामगाराला घर, पोराला शाळा आणि बाळंतपणाला दवाखाना देणारी ही व्यवस्था ज्यांनी अनुभवली, ते लोक आजही तिच्या आठवणी काढतात. मी त्यांना हसणार नाही. पण आठवणींनी पंप चालत नाहीत.

राष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. 25 सप्टेंबर 1970 ला मुफुलिरा खाणीत वरच्या साठवणीतला खनिजाचा गाळ भुयारात घुसला आणि रात्रपाळीचे 89 कामगार गेले. सरकार बहुसंख्य भागधारक झाले ते त्याच वर्षी. व्यवस्थापन जुन्याच कंपनीकडे होते, ही सबब खरी आहे. पण मग प्रश्न असा की कागदावरच्या 51 टक्क्यांनी त्या गाळाचे काय केले? दुसरे उदाहरण ताजे आहे. 2019 मध्ये एडगर लुंगू यांच्या सरकारने कोंकोला कॉपर माइन्स म्हणजे केसीएम वेदांताच्या हातून काढून लिक्विडेटरच्या ताब्यात दिली, तेव्हा चिंगोलात जल्लोष झाला. पुढची काही वर्षे खाण रखडली, पुरवठादारांची बिले थकली, लिक्विडेटरवरच गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि 2024 मध्ये खाण परत वेदांताकडे गेली. मालक हाकलण्याचा कार्यक्रम इतका फसलेला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

म्हणजे खासगीकरणवाले जिंकले का? मुळीच नाही. त्यांचा युक्तिवाद सगळ्यात कमकुवत आहे तो विक्रीच्या कागदपत्रांपाशी. 1997 ते 2000 या काळात नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या दबावाखाली, भाव तळाला असताना खाणी तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेल्या. प्रत्येक खरेदीदाराशी स्वतंत्र 'विकास करार' झाला. त्यात रॉयल्टी ठरली 0.6 टक्के. शंभर रुपयांच्या तांब्यावर साठ पैसे. यंत्रसामग्री बिनजकात. जुना तोटा पुढच्या नफ्यातून वजा करायला पंधरा-वीस वर्षांची मुभा आणि तेवढीच वर्षे या अटी बदलणार नाहीत अशी हमी. हे करार कित्येक वर्षे जनतेला पाहायलाही मिळाले नाहीत. लुआन्श्याची खाण 1997 मध्ये बिनानींकडे गेली. तीन वर्षांत ती दिवाळखोरीत निघाली आणि कामगार पगाराविना घरी बसले. खासगीकरणात कोंकोला घेणारी अँग्लो अमेरिकन 2002 मध्ये तिथून पाय काढून मोकळी झाली. 2004 मध्ये वेदांताने केसीएमचा 51 टक्के हिस्सा घेतला, सुरुवातीला अवघे अडीच कोटी डॉलर मोजून. आणि नेमका त्याच वेळी चीनच्या मागणीने तांब्याचा भाव उसळला. सहस्रकाच्या सुरुवातीला टनाला पंधराशे डॉलरच्या आसपास असलेले तांबे 2006 मध्ये सहा हजारांच्या वर गेले.

2014 मध्ये वेदांताचे अनिल अग्रवाल यांची बंगळुरूतली एक चित्रफीत झांबियात पोचली. त्या सभेत ते अडीच कोटी डॉलरला घेतलेली ही खाण दरवर्षी किमान पन्नास कोटी डॉलर कसे देते, हे खुशीत सांगत होते. राजधानी लुसाकात भडका उडाला. राग समजतो, पण मला तो चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला वाटतो. स्वस्तात मिळते तेव्हा कोणताही व्यापारी स्वस्तातच घेतो. जाब विचारायचा तो भाव पडलेला असताना वीस वर्षांसाठी हात बांधून घेणाऱ्यांना, आणि त्याहून जास्त, त्यांना तसे करायला लावणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या सल्लागारांना. त्या सल्लागारांपैकी कुणाची चित्रफीत काही बाहेर आली नाही.

इथे कंपन्यांचे वकील हमखास एक मुद्दा काढतात. कर वाढवाल तर आम्ही निघून जाऊ. रत्नागिरीकरांना हा मुद्दा उलट्या बाजूने ठाऊक आहे. वेदांताच्याच समूहातल्या स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना नव्वदीच्या सुरुवातीला रत्नागिरीत येत होता. आंबा बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी विरोध केला आणि तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. भट्टी हलवता येते, खनिज हलवता येत नाही. म्हणून वरवर पाहता झांबियाची बाजू भक्कम वाटते. कंपनी गेली तरी तांबे जमिनीतच राहील. पण कोंकोला ही जगातल्या सर्वांत पाणथळ खाणींपैकी एक आहे. तिथे रोज लाखो घनमीटर पाणी उपसावे लागते. पंप थांबले की खाण बुडते. आणि मग ते तांबे भूगर्भशास्त्रज्ञांच्या नकाशापुरतेच उरते. 'जातो' या धमकीत दम आहे तो इथे. ती फुसकी आहे असे म्हणणाऱ्या पुढाऱ्याने आधी पंपाचे बिल कोण भरणार ते सांगावे.

आता चीन. विरोधी नेते मायकेल साटा यांनी 2006 च्या निवडणुकीत चिनी कंपन्यांवर आग ओकली होती. 2011 मध्ये सत्तेवर आल्यावर त्यांचा सूर नरमला. पाश्चात्य वृत्तपत्रांना चिनी खलनायक फार सोयीचा असतो, आणि चिनी कंपन्यांनी त्यांना दारूगोळा पुरवलाही भरपूर. 2005 मध्ये चांबिशीतल्या चिनी स्फोटकांच्या कारखान्यात चाळीसहून अधिक झांबियन कामगार एका स्फोटात गेले. चिनी खाणींत पगार कमी आणि सुरक्षेची हेळसांड जास्त, हे तपासांतून पुढे आले आहे. पण याच चांबिशीतली खाण वर्षानुवर्षे बंद होती, ती चिन्यांनी सुरू केली. 2008 च्या मंदीत इतर मालक कामगार काढत होते तेव्हा तिने कपात टाळली, आणि बंद पडलेली लुआन्श्या 2009 मध्ये त्यांनीच घेतली. समाजशास्त्रज्ञ चिंग क्वान ली यांनी झांबियात राहून दोन्ही प्रकारच्या भांडवलाचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की चिनी सरकारी भांडवलाला दीर्घकाळ स्थिर उत्पादन हवे असते आणि खासगी भांडवलाला भागधारकांचा नफा. यातले कोणते चांगले याचे उत्तर खाणीत उतरणारा आणि नदीचे पाणी पिणारा वेगवेगळे देईल.

कारण नदी मालकाचे राष्ट्रीयत्व पाहत नाही. 2006 च्या नोव्हेंबरात केसीएमच्या न्चांगा कारखान्यातून सुटलेल्या सांडपाण्याने काफुए नदी निळसर-हिरवी झाली. 18 फेब्रुवारी 2025 ला सायनो-मेटल्स या चिनी कंपनीचा गाळाचा बंधारा चांबिशीत फुटला आणि सुमारे पाच कोटी लिटर आम्लयुक्त पाणी काफुएच्या उपनदीतून मुख्य नदीत उतरले. किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. आम्ल मारण्यासाठी सरकारने विमानातून चुना टाकला. झांबियाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या काफुएच्या खोऱ्यात राहते. भारतीय आणि चिनी मालकांच्या दोन अपघातांत अठरा वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे, आणि त्या दोन्ही वेळी बंधाऱ्याची आणि सांडपाण्याची तपासणी करणारा सरकारी माणूस जवळपास तितकाच दुबळा होता.

मग माझी बाजू काय? मालक कोणीही असो, तीन जागा सरकारच्या आणि लोकांच्या हातात हव्यात: वजनकाटा, करारपत्र आणि मूळ कंपनीचा दरवाजा.

वजनकाट्याबद्दल सविस्तर बोलतो, कारण इथे अर्थतज्ज्ञांशी माझे जुळत नाही. त्यांचे मत असे की रॉयल्टी हा आंधळा कर आहे. खाण तोट्यात असली तरी तो लागतो, खोल आणि महागड्या खाणींवर अन्याय करतो. कर नफ्यावर असावा. पुस्तकात हे बिनतोड आहे. पण नफा कुठे दिसतो? खाण उपकंपनीची, तांबे विकत घेणारी बहुधा त्याच समूहाची दुसऱ्या देशातली कंपनी, कर्ज देणारीही घरचीच. झांबियाच्या निर्यातीच्या नोंदींत कित्येक वर्षे निम्मे तांबे स्वित्झर्लंडला गेलेले दिसते. ते तिथे कधी उतरलेच नाही. ते तिथल्या व्यापाऱ्यांच्या वहीतून पुढे गेले. यातून चोरी सिद्ध होते असे मी म्हणत नाही. अशी घाईची गणिते मांडून काही संस्था तोंडघशी पडल्या आहेत. सिद्ध होते ते एवढेच की नफ्याची वही लुसाकात नसते. ग्लेनकोरच्या मोपानी खाणीने आपल्याच समूहाला कमी दराने तांबे विकले म्हणून झांबियाच्या महसूल खात्याने 2006 ते 2009 या वर्षांचा कर नव्याने आकारला. तो वाद सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूने निकाली निघाला मे 2020 मध्ये. एका कंपनीची तीन वर्षे तपासायला ज्या राज्याला दशक लागते, त्याला नफ्यावरच्या कराचे धडे देणे ही क्रूर थट्टा आहे. टन मोजता येतात, लंडनच्या धातूबाजाराचा भाव रोज छापून येतो. या दोन आकड्यांवर कर घ्यायला फार मोठे खाते लागत नाही.

आता करारपत्र. अट एकच. दर भावाबरोबर वर-खाली व्हावा, आणि तो आधीच लिहिलेला असावा. 2008 मध्ये लेव्ही म्वानावासा यांच्या सरकारने विकास करार मोडून रॉयल्टी 3 टक्के केली आणि भाव चढला की लागणारा जादा कर आणला. वर्षअखेर मंदी आली, आणि 2009 मध्ये तो जादा कर घाबरून काढून टाकला. फेब्रुवारी 2011 मध्ये तांबे टनाला दहा हजार डॉलरवर पोचले तेव्हा तो कायद्यात नव्हता. 2015 मध्ये खुल्या खाणींवर एकदम 20 टक्के रॉयल्टी लावली, बॅरिकने आपली लुम्वाना खाण बंद करण्याची धमकी दिली, काही महिन्यांत दर खाली आले. दर अर्थसंकल्पात असा झोका घेणाऱ्या सरकारवर कंपन्या चिडतात, त्यात त्यांचे चूक नाही. 2016 पासून भावानुसार सरकता दर आला, तो झांबियाने अनेक चुकांनंतर केलेला सगळ्यात शहाणा कायदा. तो आता कोणत्याही निवडणुकीत, कोणत्याही गुंतवणूकदाराच्या हट्टापायी मोडू नये.

राहिला मूळ कंपनीचा दरवाजा. चिंगोलाजवळच्या शिमुलाला, काकोसा, हेलन, हिप्पो पूल या वस्त्यांतल्या 1,826 लोकांनी वेदांतावर लंडनमध्ये दावा लावला. कंपनीचा बचाव होता की खाण झांबियातली, तक्रार झांबियात करा. 10 एप्रिल 2019 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि दोन कारणे फार बोलकी होती. इतक्या गरीब फिर्यादींना असा खटला झांबियात चालवण्यासाठी पैसा आणि तज्ज्ञ वकील मिळणे शक्य नव्हते, हे एक. दुसरे असे की उपकंपन्यांच्या पर्यावरणाची देखरेख आपण करतो, असे मूळ कंपनी स्वतःच्याच अहवालात मिरवत आली होती. चकचकीत कागदावर छापलेली सौजन्याची वाक्ये न्यायालयाने खरी धरली. 2021 मध्ये दायित्व न मानता कंपनीने तडजोड केली.

राष्ट्राध्यक्ष हाकाइंदे हिचिलेमा यांनी वर्षाला तीस लाख टन तांब्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी अमेरिका, चीन आणि आखाती देश दाराशी उभे आहेत, म्हणजे या वेळी करार भाव तळाला असताना करावे लागणार नाहीत. कमी दराची सबब आता उरलेली नाही. सरकारने नवे करार सही होण्याआधी संसदेपुढे ठेवावेत, बंधाऱ्यांच्या तपासणीचे अहवाल दर वर्षी प्रसिद्ध करावेत, आणि खाणीच्या परवान्यावर उपकंपनीबरोबर मूळ कंपनीचीही सही घ्यावी. जी कंपनी ही सही करायला नकार देईल तिला परवाना देऊ नये, मग तिचे मुख्यालय लंडनमध्ये असो, बीजिंगमध्ये असो वा अबुधाबीत.