‘भुताशी खेळू नका’ सांगणारे हॉरर सिनेमे खरंच सावध करतात का?

घरात सापडलेला एक बोर्ड. त्यावर इंग्रजी मुळाक्षरं. छोटी रेगन तो घेऊन बसते आणि न दिसणाऱ्या ‘कॅप्टन हाउडी’शी गप्पा मारते. पुढे काय होतं, हे ‘द एक्झॉर्सिस्ट’ पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

१९७३ च्या या हॉलिवूडपटानं भूतबाधेच्या सिनेमांचा साचा घालून दिला. कुणीतरी गंमत म्हणून नको त्या गोष्टीला हात लावतं आणि सैतान अंगात शिरतो. त्यामुळे हे सिनेमे म्हणजे काळ्या जादूपासून दूर राहण्याचा इशाराच आहेत, असं अनेकांना वाटतं.

पण हा इशारा नेमका काय शिकवतो?

बोर्ड होता खेळण्याचा

रेगनच्या हातातला तो ‘ऊइजा बोर्ड’. अमेरिकेत १८९१ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं, तेही खेळ म्हणून. आपल्याकडे वाटी किंवा नाण्यावर बोट ठेवून करतात ते प्लँचेट याच जातीचं. वाटी आपोआप सरकतेय असं वाटतं. प्रत्यक्षात बोटंच तिला नकळत ढकलत असतात. मानसशास्त्रात याला ‘आयडिओमोटर परिणाम’ म्हणतात.

सिनेमा म्हणतो, ‘बोर्डला हात लावू नका’. पण ते सांगताना बोर्डमधून सैतान येतो, हेही तो मनावर ठसवतो. म्हणजे सावध करता करता भीती पक्की होते.

आधी डॉक्टर हरतात, मग पाद्री येतात

या सिनेमांची दुसरी ठरलेली पायरी हीच. रेगनच्या तपासण्या होतात, निदान होत नाही आणि शेवटी उपयोगी पडतो तो धार्मिक विधी. प्रत्यक्षात मात्र याच्या उलट घडलेलं आहे.

पश्चिम जर्मनीतल्या अ‍ॅनेलीस मिशेल या तरुणीला अपस्माराचं, म्हणजे फिट्सचं निदान झालं होतं. पुढे तिला विचित्र आवाज ऐकू येऊ लागले. १९७५-७६ मध्ये सुमारे १० महिन्यांत तिच्यावर भूत उतरवण्याचे ६७ विधी झाले. १ जुलै १९७६ रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. कारण होतं उपासमार आणि शरीरातलं पाणी कमी होणं. तेव्हा तिचं वजन जेमतेम ३० किलो होतं.

१९७८ मध्ये कोर्टानं तिचे आई-वडील आणि दोन पाद्री यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी दोषी ठरवलं. याच घटनेवर बेतलेल्या ‘द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ’ (२००५) मध्ये मात्र ‘आजार की सैतान?’ हा प्रश्न मोकळाच सोडलाय.

कॅथलिक चर्चनं १९९९ मध्ये या विधीचे नियम सुधारले. त्यातही कुणाला लगेच भूतबाधा झाल्याचं मानू नये आणि डॉक्टरांचं मत घ्यावं, असं सांगितलंय.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो?

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं किंवा साखळीनं बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. या कायद्याचा रोख भुतावर नाही, भूत काढणाऱ्यावर आहे.

हॉरर सिनेमे बघायला हरकत नाही. पण घरात कुणाला फिट येत असेल, आवाज ऐकू येत असतील, तर पहिला फोन डॉक्टरांना. मानसिक त्रासासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनही आहे : १४४१६.